गल्लीत गाडी लावायची तर आधी टेप काढा

बेळगावच्या जुन्या भागातल्या कुठल्याही गल्लीत रात्री दहानंतर शिरून बघा. दोन्ही बाजूंनी गाड्या लागलेल्या आणि मधून स्कूटर जेमतेम जाईल एवढी फट. भांडणही ठरलेलं. "जागा काय तुमच्या बापाची हाय काय?" असं एकानं विचारायचं आणि दुसऱ्यानं बाह्या सरसावायच्या. जागा दोघांच्याही बापाची नसते, ती महापालिकेची असते. पण एवढं कळल्यानं कुणाची गाडी हलत नाही.

गल्ल्या बैलगाडी आणि सायकलीच्या काळातल्या आहेत, त्या रुंद होणार नाहीत. मग हिशेब कसा मांडायचा एवढंच आपल्या हातात राहतं. बहुतेक ठिकाणी तो उलटा मांडला जातो. आधी सगळ्यांच्या गाड्या बसवायच्या आणि उरली तर वाट. खरं तर अँब्युलन्सला, सिलिंडरच्या गाडीला, गटार उपसणाऱ्या गाडीला किती वाट लागते ते आधी काढायचं, आणि उरेल तेवढंच पार्किंग समजायचं. काही गल्ल्यांत उत्तर शून्य येतं. ते कटू असलं तरी गल्लीच्या पंचांनी एकदा सगळ्यांसमोर मांडलेलं बरं.

मोजमापाला १०० फुटी टेप आणि दोन माणसं पुरेत. गल्लीची रुंदी तोंडाशी मोजून उपयोग नाही, तोंड बहुधा ऐसपैसच असतं. सगळ्यात अरुंद जागा शोधायची. ती हेस्कॉमच्या विजेच्या खांबापाशी, पुढे आलेल्या कट्ट्यापाशी किंवा नव्या बांधकामाच्या पायरीपाशी सापडते. दर २० फुटांवर एक माप घ्यायचं आणि कागदावर खांब, नळाचे चेंबर, ड्रेनेजची झाकणं, घरांची गेटं मांडायची. दुसरा आकडा गाड्यांचा. रात्री दहाला एकदा आणि सकाळी सातला एकदा नंबर लिहून घेतले की गल्लीतल्या किती आणि बाहेरच्या किती हे उघडं पडतं. "सगळ्या बाहेरच्याच लावतात" हा आवडता समज इथेच निम्मा गळून पडतो.

आता हिशेब. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे गाडीची कमाल रुंदी २.६ मीटर, म्हणजे साडेआठ फूट. दोन्ही बाजूंना जेमतेम पाऊणएक फूट मोकळीक धरली की मोठ्या गाडीला १० फूट लागतात. अँब्युलन्सची बॉडी साडेसहा फुटांच्या आसपास, पण आरसे धरले तर साडेसात. उभ्या गाडीसाठी स्विफ्ट घ्या. तिची रुंदी १.७३५ मीटर, म्हणजे पाच फूट आठ इंच. भिंतीपासून सहा इंच आणि मिटलेल्या आरशाचे तीन इंच मिळवले की झाले साडेसहा फूट.

१५ फुटी गल्लीत एका बाजूला ही एकच गाडी लावली की उरतात साडेआठ फूट. अँब्युलन्स हळूहळू जाते, अग्निशमनाचा बंब नाही. त्याच गाडीसमोर, पलीकडच्या भिंतीला कुणी मोटारसायकल लावली, तीही शहाण्यासारखी भिंतीला समांतर, तरी हँडल अडीच फूट खातं. राहिले सहा फूट आणि अँब्युलन्सही थांबली. दोघांपैकी एकानंही वाट अडवलेली नसते, दोघांनी मिळून अडवलेली असते. म्हणून "माझ्या गाडीनं कुणाचं काय अडलंय?" हा प्रश्न प्रत्येकाला प्रामाणिकपणे पडतो.

याच हिशेबानं पुढे गेलं तर १६ फुटांच्या आतल्या गल्लीत चारचाकीला जागाच नाही. एखादं घर मागे सरकून बांधलेलं असेल, तर त्याच्यापुढच्या खाचेत एक छोटी गाडी बसते तेवढीच. १७ ते २३ फुटांत एका बाजूला गाड्या चालतात, पण त्यांच्यासमोर आडव्या दुचाक्या लावल्या की संपलं. दोन्ही बाजूंना चारचाकी लावायची तर २३ फुटांच्या पुढेच. जुन्या गावठाणात असा रस्ता क्वचितच सापडतो. टिळकवाडी, शहापूरच्या नव्या वसाहतींत सापडतो, आणि तिथे पुन्हा लोक तिरक्या गाड्या लावून तो घालवतात.

दुचाक्यांचं गणित वेगळं आहे. भिंतीला काटकोनात लावली तर दुचाकी साडेसहा फूट खोली घेते आणि अडीच फूट भिंत. समांतर लावली तर खोली अडीच फूट आणि भिंत साडेसहा. तिरकी लावली की जागा वाचते असं सगळे सांगतात, पण ४५ अंशांत खोली सव्वासहा फुटांच्या खाली येत नाही, कारण हँडलचा कोपरा पुढे येतो. ३० अंशांपर्यंत कलवली तर कुठे साडेपाचच्या आत येते. म्हणजे तिरकं लावणं फायद्याचं कमी आणि समाधानाचं जास्त. एका स्विफ्टच्या जागेत काटकोनात पाच दुचाक्या बसतात, हा आकडा मात्र पंचांच्या बैठकीत सांगण्यासारखा आहे.

दुचाकी मेन स्टँडवर लावावी. साइड स्टँडवर ती कलते आणि शेजारच्या गाडीत शिरते. दुहेरी रांग असेल तर बाहेरच्या रांगेतल्यांनी हँडल लॉक करायचं नाही. चोरीची भीती रास्त आहे, म्हणून हँडलऐवजी मागच्या चाकाला डिस्क लॉक लावतात आणि मग ती गाडी अजिबातच हलत नाही. त्यापेक्षा बाहेरच्या रांगेत जुनी गाडी ठेवणं बरं.

सगळ्यात जपायची जागा म्हणजे गल्लीचं तोंड आणि वळणाचा कोपरा. बाकी गल्ली रिकामी असूनही कोपऱ्यावरच्या एका गाडीमुळे काहीच आत वळत नाही, कारण लांब गाडीचं मागचं चाक पुढच्या चाकापेक्षा आत कापतं. कोपऱ्यापासून दोन्ही बाजूंना १५ फूट काहीही लावायचं नाही, पानपट्टीसमोर "दोन मिनिटांत येतो" म्हणून टेकवलेली स्कूटरसुद्धा नाही. बंब आत येत नसला तरी तोंडाशी उभा राहून होज, म्हणजे पाण्याचा पाइप, आत ओढता येतो. एक लांबी साधारण १५ मीटरची, म्हणजे ९० मीटर आतल्या घरासाठी सहा लांब्या जोडाव्या लागतात. पण बंबाला तोंडाशी उभं राहायला जागा हवी, आणि जमिनीवर ओढलेल्या होजची जोडणी उभ्या गाडीच्या चाकाखाली अडकता कामा नये. दोन गाड्यांच्या चाकांमधून होज ओढताना वेळ जातो तो नेमका इथेच.

बंद बोळात, म्हणजे जिथे पुढे वाट नाही तिथे, गाडी रिव्हर्सनं आत घालून तोंड बाहेर ठेवायचं आणि क्रम निघण्याच्या वेळेचा लावायचा. पहाटे गोव्याला माल घेऊन जाणारा तोंडाशी, दहाला बँकेत जाणारा आत. हा क्रम भिंतीवर कागद चिकटवून ठेवलेला चालतो. तोंडी ठरवलेला महिनाभरात विसरला जातो.

गाड्यांइतकीच वाट खातात सिमेंटचे रॅम्प. गेटमधून गाडी आत घेता यावी म्हणून गटारावर दोन-तीन फूट पुढे सिमेंट ओततात. एक तर रस्ता तेवढा कमी होतो आणि दुसरं म्हणजे खालचं गटार उपसता येत नाही. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात गाळ तिथेच अडतो आणि पाणी वरच्या तीन-चार घरांत शिरतं. यावर चेकर प्लेटचा उचलता येणारा लोखंडी रॅम्प हा स्वस्त उपाय आहे. ५-६ मिलिमीटरची प्लेट, खाली अँगल, कडेला दोन कड्या. गाडी आत गेली की उचलून भिंतीला टेकवायचा. दगड, कुंड्या, डांबराचे ड्रम ठेवून जागा धरणं मात्र एकदम बंद. दगड ठेवणाऱ्याची गाडी दिवसभर बाहेर असते, आणि त्या जागेत ना तो लावतो ना दुसऱ्याला लावू देतो.

सम-विषम तारखेचं पार्किंग बाजाराच्या रस्त्यांना ठीक. राहत्या गल्लीत ते टिकत नाही. रात्री बाराला उठून गाडी पलीकडे कोण लावणार? शिवाय ३१ तारखेनंतर १ तारीख, दोन्ही विषम, म्हणून त्या दिवशी निम्मे लोक गोंधळतात. पंधरवड्यानं बाजू बदलणं जास्त चालतं. १ ते १५ डावी बाजू, १६ ते महिनाअखेर उजवी, आणि बदल सकाळी आठला, जेव्हा बऱ्याच गाड्या तशाही निघतात.

शनिवारचा प्रश्न निराळा. आठवडी बाजाराला चंदगड, खानापूरकडून माणूस येतो, गणपत गल्ली, खडेबाजारात जागा मिळत नाही आणि गाडी बाजूच्या राहत्या गल्लीत घुसते. या लोकांशी भांडून उपयोग नाही, पुढच्या शनिवारी दुसरे येतात. गल्लीच्या तोंडाशी माणूस बसवून बापट गल्लीच्या कार पार्किंगकडे बोट दाखवणं जास्त कामाला येतं. फलक मराठी आणि कन्नड दोन्हींत असावा. "येथे गाडी लावू नये" याच्याखाली कन्नड लिपीत "इल्लि गाडि निल्लिसबेडि" लिहिलं की कळलं नाही म्हणायची सोय राहत नाही.

गाडी आत्ता, या क्षणी वाट अडवून उभी आहे, तर आधी काचेतून आत फोन नंबर दिसतो का बघा. प्रत्येकानं डॅशबोर्डवर नंबराचं कार्ड ठेवावं, निम्मे तंटे तिथेच मिटतात. नसेल तर नंबर प्लेट आणि अडलेलं गेट एकाच फोटोत येईल असा फोटो काढा, वेळेसकट. मग ११२. एमपरिवहन ॲपवर गाडीची माहिती निघते, पण मालकाचा फोन नंबर मिळत नाही, त्यामुळे त्यात वेळ घालवू नका. गेटसमोर किंवा दुसऱ्या उभ्या गाडीच्या बाजूला गाडी लावणं २०१७ च्या ड्रायव्हिंग नियमांत सरळ मना आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२७ खाली मनाईच्या जागी लावलेली किंवा १० तासांहून जास्त बेवारस सोडलेली गाडी पोलीस उचलायला लावू शकतात, आणि खर्च मालकाच्या माथी. गल्लीत वर्षानुवर्षं सडणारी, टायर बसलेली गाडीही याच कलमात येते.

हवा सोडायची नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४ प्रमाणे उलट तुमच्यावरच नुकसानीची तक्रार होते, आणि मुख्य म्हणजे हवा गेलेली गाडी आणखी चार तास तिथेच राहते. (हे सांगूनही दरवेळी कुणीतरी सोडतोच.)

पेशंट घरात आहे आणि थांबायला वेळ नाही, तर छोटी गाडी सरकवता येते. वॅगनारसारखी गाडी ८०० किलोच्या आसपास, आणि इंजिन पुढे असल्यानं मागची बाजू हलकी. हँडब्रेक मागच्या चाकांना असतो, गिअर पुढच्यांना, म्हणून ढकलून ती जात नाही. सहा-सात जणांनी मागच्या चाकांच्या कमानीला धरून लयीत हलवायची आणि प्रत्येक उसळीला अर्धा फूट भिंतीकडे घ्यायची. पुढची चाकं खिळ्यासारखी जागेवर राहतात, मागचं टोक फिरतं. बंपरला धरू नका, तो प्लॅस्टिकचा असतो, हातात येतो. बोटं चाकाखाली जाणार नाहीत हे बघा आणि एकानं व्हिडिओ काढत राहा, म्हणजे नंतर ओरखड्यावरून वाद नको.

कायमचा बंदोबस्त हवा तर अर्ज दोन ठिकाणी: रहदारी पोलिसांकडे पार्किंगची बाजू ठरवण्यासाठी, महापालिकेकडे अतिक्रमण आणि पट्टे मारण्यासाठी. सोबत तुमचा मोजमापाचा नकाशा, घराघरातल्या सह्या, फोटो. मराठी अर्जाबरोबर कन्नड प्रत जोडा. हक्काचा मुद्दा आपल्या जागी, पण टेबलावरचा कारकून वाचू शकला तर कागद पुढे सरकतो. आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय उठायचं नाही. त्याआधी सिटी सर्व्हेच्या उताऱ्यात आणि नकाशात बोळ सार्वजनिक आहे की सामाईक खाजगी हे पाहून घ्या. खाजगी निघाला तर पोलीस "दिवाणी मॅटर" म्हणून हात झटकतात. सार्वजनिक वाट कायमची अडली असेल, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. निपाणी, खानापूरला हेच अर्ज तिथल्या नगरपालिकेत किंवा नगरपंचायतीत आणि स्थानिक पोलीस ठाण्यात.

गल्लीत नवी इमारत असेल आणि तिचं पार्किंग गोडाऊन झालं असेल, तर मंजूर नकाशाची प्रत माहिती अधिकारात मागवा. कर्नाटकात अर्ज १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर असावा लागतो, फी १० रुपये, उत्तराला ३० दिवस. नकाशा आणि गोडाऊन या दोन गोष्टी एका अर्जात घातल्या की तो परत येतो. फक्त नकाशा मागा.

पट्टे दसऱ्यानंतर मारून घ्या, साधा रंग पावसात टिकत नाही. आणि अर्ज डिसेंबरपर्यंत लांबवू नका. हलग्याच्या सुवर्णसौधमध्ये विधिमंडळाचं अधिवेशन लागलं की रहदारी पोलिसांना तिकडून सवड नसते. गणपतीच्या मंडपासाठीही मोठ्या गाडीच्या वाटेचे हेच १० फूट धरायचे, आणि कमानीखाली १४ फूट उंची. खांब रोवण्याआधी टेप धरली तर बरं, कारण मूर्ती बसल्यावर मंडप हलवा म्हणायची कुणाची टाप नसते.