तुम्ही विचारलंत म्हणून: रिपोर्टात गहू, दूध, लसूण सगळंच लाल, मग खायचं काय?

"पोट सारखं फुगतं म्हणून फूड सेन्सिटिव्हिटी टेस्ट केली. गहू, दूध, लसूण, तूरडाळ, अंडं, सगळं लाल आलं. आता काय खाऊ?" हा प्रश्न वरचेवर येतो, आणि विचारणारा बहुतेक वेळा भात आणि दुधीभोपळ्यावर येऊन ठेपलेला असतो. म्हणून जरा सविस्तर.

रक्ताच्या या चाचण्या बहुतेक वेळा आयजीजी जातीची प्रतिपिंडं (रोगप्रतिकारक यंत्रणेनं बनवलेली प्रथिनं) मोजतात. जो पदार्थ आपण नेहमी खातो, त्याची ही प्रतिपिंडं रक्तात सापडणारच. रोज चार पोळ्या खाणाऱ्याचा गहू लाल येतो आणि ज्याच्या घरात अळंबी शिजतच नाही त्याची अळंबी हिरवी, ती याचमुळे. पोटाला काय सोसत नाही हे त्यावरून ठरत नाही. युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेनं २००८ मध्ये आणि कॅनडातल्या संघटनेनं २०१२ मध्ये हे स्पष्ट शब्दांत सांगितलं आहे.

मग लाल पदार्थ बंद केल्यावर बरं का वाटतं? कारण त्या यादीत गहू, दूध, लसूण, डाळी असतात आणि या सगळ्यांत अशी कर्बोदकं आहेत जी लहान आतड्यात नीट शोषली जात नाहीत. ती पाणी ओढून घेतात, मोठ्या आतड्यात जीवाणू ती आंबवतात आणि वायू होतो. यांना फॉडमॅप म्हणतात. त्यावरचं मूळ काम मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात झालं. म्हणजे आराम खरा आहे, कारण मात्र वेगळं. आणि इथे पदार्थापेक्षा प्रमाण महत्त्वाचं, त्यामुळे "आयुष्यभर बंद" असं फारसं काहीच उरत नाही.

पण काहीही बंद करण्याआधी एक काम करा. सीलिअ‍ॅकची (गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याला इजा होते त्या आजाराची) रक्तचाचणी करून घ्या: टीटीजी-आयजीए, सोबत एकूण आयजीए. गहू सोडल्यावर ही चाचणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. गहू आधीच सोडला असेल तर डॉक्टरांशी बोलून किमान सहा आठवडे दिवसातून एकापेक्षा जास्त वेळच्या जेवणात गहू घ्यावा लागतो. ही पायरी चुकली की पुढे सगळंच अवघड होतं. शौचातून रक्त, नकळत घटणारं वजन, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, रक्तक्षय यांपैकी काही असेल तर पथ्याचा विचार बाजूला ठेवून आधी डॉक्टर. खाल्ल्याबरोबर अंगावर गांधी, ओठ सुजणं, धाप लागणं ही खरी ॲलर्जी. तो पदार्थ घरी चाखून बघायचा नाही.

आता पथ्य. दोन ते सहा आठवडे, त्याहून जास्त नाही. पोळी-पावाऐवजी भात, ज्वारीची भाकरी, पोहे. राजमा, छोले, चवळी बंद. मूगडाळ थोडी, भिजवलेलं पाणी फेकून. आंबा, सफरचंद, कलिंगड थांबवून संत्रं, पपई.

खरी अडचण फोडणीत असते. कांदा-लसणातली फ्रुक्टान ही कर्बोदकं पाण्यात विरघळतात, तेलात नाही. म्हणून लसूण आमटीत उकळून नंतर काढून टाकला तर उपयोग नाही, जे यायचं ते रसात उतरलेलं असतं. उलट कोरड्या तेलात दोन-तीन अख्ख्या पाकळ्या मंद आचेवर परतून, त्या काढून मग मोहरी-हिंग घातलं तर वास राहतो आणि त्रास टळतो. हे तेल त्याच दिवशी संपवा. लसणाचं घरगुती तेल बाटलीत भरून ओट्यावर ठेवलं तर त्यात बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जीवाणू वाढू शकतात. कांद्याच्या पातीचा फक्त हिरवा भाग चालतो. कांदा-लसूण मसाला बाजूला ठेवून गोडा मसाला घ्या. कांदेनवमीनंतर चातुर्मास पाळणाऱ्या घरांत असा स्वयंपाक चार महिने होतोच, तिथल्या बायकांना विचारा. एकच सावधगिरी: डबीतल्या बांधानी हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं. चिमूटभर हिंगानं पोट फुगणार नाही, पण सीलिअ‍ॅक असेल तर तो हिंग चालत नाही.

दुधाचं गणित सोपं आहे. कपभर, म्हणजे २०० मिली दुधात साधारण १० ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर. एवढं जेवणाबरोबर पुष्कळांना पचतं. दही-ताक त्याहून सोपं, कारण विरजणातले जीवाणू मदत करतात. पनीर आणि चक्क्यातून पाण्याबरोबर बरंच लॅक्टोज निघून जातं, तुपात ते जवळजवळ नसतंच. खवा आणि पेढा मात्र आटवलेलं दूध. दूध पूर्ण बंद ठेवलं तर कॅल्शियमचं बघा: प्रौढांची रोजची गरज १००० मिलिग्रॅम, आणि १०० ग्रॅम नाचणीच्या पिठात साडेतीनशेच्या आसपास मिळतं.

रोज लिहा: काय, किती, किती वाजता, त्रास शून्य ते दहापैकी किती. झोप आणि पाळीही नोंदवा. डाळी-कांद्याचा वायू मोठ्या आतड्यात पोचल्यावर होतो, त्याला काही तास लागतात. म्हणून जेवणाच्या ताटावरून उठताच पोट फुगलं तर ताटातल्या भाजीवर आळ घेण्याआधी त्याच्या आधीचं खाणं तपासा.

पुष्कळजण पहिल्या टप्प्यावरच थांबतात आणि तिथे नुकसान होतं: फायबर कमी पडतं, आतड्यातल्या उपयोगी जीवाणूंची उपासमार होते. म्हणून आराम पडला की पदार्थ परत आणायला घ्या, एका वेळी एकच. बाकी पथ्य तसंच ठेवून पहिल्या दिवशी अर्धी पोळी, दुसऱ्या दिवशी एक, तिसऱ्या दिवशी दोन. मग तीन दिवस विश्रांती. दूध ५०, १००, २०० मिली. लसूण पाव पाकळी, अर्धी, एक. कांदा वेगळा तपासा, लसूण सोसला म्हणजे कांदा सोसेलच असं नाही. दुसऱ्या दिवशी त्रास झाला तर थांबा. पहिल्या दिवसाचं प्रमाण ही तुमची सध्याची मर्यादा. सहा आठवड्यांत काहीच फरक नसेल तर हे पथ्य तुमच्यासाठी नाही, नेहमीचं जेवण सुरू करा. गरोदरपणात, लहान मुलांसाठी किंवा वजन आधीच कमी असेल तर आहारतज्ज्ञाशिवाय सुरूच करू नका.

आणि जो पदार्थ आज सोसला नाही, तो दोन-तीन महिन्यांनी पुन्हा त्याच पायऱ्यांनी, अर्ध्या पोळीपासून, घेऊन बघा.