साडेसात चिखली

तात्या दुपारी दोनला रिक्षातून उतरले, तेव्हा त्यांच्या हातात रुमालात गुंडाळलेलं काहीतरी होतं. मला वाटलं, चंदगडचे काजू असतील. निघाला मोबाईल.

"बघ लेका. सकाळपासनं नुसता डोळं मिचकावतोय."

पडद्यावर कंपनीचं नाव उजळायचं, मंद व्हायचं, विझायचं, पुन्हा उजळायचं. त्यापुढं गाडी सरकत नव्हती. खोदून विचारल्यावर कळलं, की रात्री अपडेट चालू असताना फोन तापला म्हणून तात्यांनीच दोन्ही बटणं आवळून धरून तो पाडला. त्यांचं चुकलं असं माझ्या तोंडून निघणार नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात चाळीस वर्षं मोटरी भरलेला माणूस. तापली की आधी स्विच पाडायचा, विचार मागनं.

वाटेत एका दुकानात दाखवून झालं होतं. पोरगं म्हणालं, "सॉफ्टवेअर मारायला लागंल आजोबा, आतलं सगळं जाईल." तात्यांनी फोन परत रुमालात गुंडाळला आणि रिक्षा माझ्याकडं वळवली.

हे 'मारणं' आपल्याकडं कशाकशाला लागतं बघा. भिंतीला रंग मारतो, चाकात हवा मारतो, कपड्याला इस्त्री मारतो, रंकाळ्याला चक्कर मारतो आणि तिथनं येताना मिसळ मारतो. त्यात आता सॉफ्टवेअरची भर. तात्यांच्या धंद्यात मात्र मोटर कुणी मारत नाही, मोटर 'भरतात'. लोखंड तेच ठेवायचं, जळकी तार उपसायची आणि होते तेवढेच वेढे नव्या तारेचे घालायचे. मोबाईलला खरं तर हाच शब्द शोभला असता. पण धंदा ज्याचा, शब्द त्याचा.

तात्यांना फोटोबिटो काही नको होते, त्यांना नंबर पाहिजे होते. फोनमध्ये साडेतीनशे नंबर, आणि माणसाच्या नावाचा एक नाही. 'पाच वडणगे'. 'तीन केर्ली बोअर'. 'साडेसात चिखली'. हॉर्सपॉवर आणि गाव. त्याच चिखलीत दुसरा साडेसातवाला निघाला तर 'साडेसात चिखली जुनी'. ही यादी फोनबाहेर कुठंही उतरवलेली नाही. गूगलचं खातं फोन घेताना दुकानातल्या पोरानं उघडून दिलेलं, पासवर्ड त्याच्याच डोक्यात, आणि त्या दुकानाच्या जागी आता उसाचा रस मिळतो. म्हणजे फोन धुऊन काढला तर नंबर जाणार ते जाणारच, वर चालू करताना फोन तेच जुनं खातं मागत बसणार. चोरीच्या फोनसाठी केलेली सोय आहे ती. सापडतात तात्यांसारखे.

मॉडेल नंबर पुतण्याला डब्यावरून वाचून पाठवायला सांगितला. (डब्यात बीपीच्या गोळ्या होत्या.) त्या मॉडेलचं, भारतासाठीचं, आणि बूटलोडरचा (फोनला जाग आणणाऱ्या आतल्या प्रोग्रॅमचा) आकडा फोनमधल्यापेक्षा खालचा नसलेलं अधिकृत फर्मवेअर, म्हणजे कंपनीचं मूळ सॉफ्टवेअर, शोधलं. फाइल चार जीबीची. आमच्या नेटला तासभर तरी लागणार होता.

"मग पडतो जरा," म्हणून तात्या कोचावर आडवे झाले आणि मी त्यांच्या दुकानात जाऊन पोचलो. म्हणजे चौथीच्या सुट्टीतल्या.

दुकान म्हणजे दहा बाय बारा. दाराशी स्टेटरांची, म्हणजे मोटरींच्या न फिरणाऱ्या लोखंडी भागांची रांग, आत वार्निशचा वास. तो वास मला अजून आवडतो, हे डॉक्टरला सांगण्यासारखं नाही. तात्या लाकडी साच्यावर कॉइल गुंडाळत बसायचे. उजव्या हातानं हँडल, डाव्या हाताच्या दोन बोटांत चिंधी, चिंधीतून सुळकन सरकणारी तांब्याची तार. ओठ हलायचे, आवाज नाही. एक कॉइल झाली की सुतळीनं बांधून खिळ्याला. नंतर छत्तीस खाचांत कागद घालून एकेक कॉइल बोटांनी दाबत बसवायची, वरून बांबूची काडी ठोकायची. या सगळ्यात नियम एकच: मोजताना बोलायचं नाही. एकदा मी गोळेवाल्याची घंटा ऐकून "तात्या, आठ आणे" म्हणालो. हँडल थांबलं. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. गुंडाळलेली सगळी तार उलटी सोडली, सरळ केली आणि परत एकपासून सुरुवात. कॉइल संपल्यावर आठ आणे दिले. गोळेवाला तोवर कुठल्या कुठं गेला होता.

नदीचं पाणी चढायला लागलं की काठावरच्या मोटरी काढून वर आणायची धांदल असते. राजाराम बंधाऱ्यावर एकोणचाळीस फुटांना इशारा, त्रेचाळीसला धोका, हे आकडे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही पाठ. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं, तेव्हा कुणाचं काय काढणं झालं नाही. पूर ओसरल्यावर तात्यांच्या दारात चिखलानं माखलेल्या मोटरींची रांग लागली. निम्मे नंबर तेव्हाचे आहेत.

फाइल उतरली. उघडल्यावर आत पाच निघाल्या: बीएल, एपी, सीपी, सीएससी आणि होम सीएससी. खरी मेख शेवटच्या दोघींत. होम सीएससी फोनमधलं राखते, नुसती सीएससी धुऊन नेते. एका शब्दाचा फरक. मी तीनदा वाचलं, मग चष्मा लावून चौथ्यांदा.

ज्या प्रोग्रॅमनं हे भरायचं त्याचं नाव ओडिन. उत्तर युरोपातल्या पुराणांतला देव हा, शहाणपणासाठी एक डोळा देऊन बसलेला. तात्या उठून शेजारी येऊन बसले. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आठवडा झालेला, एका डोळ्यावर हिरवी पट्टी. मी काही बोललो नाही.

माझ्याकडं अकरा केबली आहेत. त्यातल्या दहा नुसत्या चार्जिंगच्या, डेटा नेणारी एकच. तिला मी लाल दोरा बांधलाय. आईला वाटतं, नजरेसाठी. फोन बंद करून आवाजाची दोन्ही बटणं दाबून धरली आणि ती केबल खुपसली. हिरव्या-निळ्या पडद्यावर इंग्रजीत ताकीद आली, वरचं बटण दाबून ती मान्य केली. ओडिनमधला चौकोन निळा झाला. एपीची फाइल निवडल्यावर लॅपटॉप गारठल्यासारखा गप्प झाला. तो तपासत असतो, तेव्हा हात लावायचा नसतो. मग स्टार्ट.

पट्टी सरकायला लागली. आई दारात येऊन म्हणाली, "मी चहा टाकतो, भावजी थोडा घेणार नव्हं?" तात्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "वैनी, मोजतोय त्यो."

अर्ध्याच्या पुढं पट्टी थांबली. किरणोत्सवात मावळतीची किरणं देवळात शिरून अंबाबाईच्या गुडघ्यापर्यंत चढतात आणि पश्चिमेला ढग आडवा येतो, तेव्हा देवळात अशीच शांतता होते. कुणी खोकत नाही. पाय, कंबर, मुख असं चढायचं असतं, आणि एखाद्या वर्षी गुडघ्यावरच संध्याकाळ होते. केबलला माझा हात लागू नये म्हणून मी तो मांडीखाली घेतला.

सरकली. हिरव्या चौकटीत 'पास' आलं. फोन आपोआप चालू झाला, कंपनीचं नाव बराच वेळ उजळत-विझत राहिलं, इतका वेळ की तात्या दोनदा फोनच्या पाठीला हात लावून तापलाय का बघून गेले. शेवटी नऊ ठिपके आले. त्यांचा पॅटर्न त्रिकोण आहे. "डेल्टा," ते म्हणाले. मोटरीतल्या तारांच्या त्रिकोणी जोडणीचं नाव.

यादी जशीच्या तशी होती. तात्या एका डोळ्यानं सावकाश खाली सरकत गेले. 'साडेसात चिखली'वर थांबले.

"गेला ह्यो. गेल्या वर्षी."

"मग काढून टाकू नंबर?"

"मोटर चालत्या की अजून."

चहा आला. बशीत ओतून दोन घोट झाल्यावर त्यांनी विचारलं, "नवं किती भरलंस?"

"चार जीबी."

"आणि जुनं?"

जळकी मोटर उपसली की तात्या जुनं तांबं गिऱ्हाइकासमोर तराजूत घालायचे. ते गिऱ्हाइकाचं, नेऊ दे, नाहीतर बिलातनं वजा. या बाबतीत त्यांनी सख्ख्या भावालाही सोडलं नव्हतं.

"जुनं कुठं जात नाही तात्या. त्याच्यावरच नवं लिहितात."

"म्हंजे परत काय द्यायचंच न्हाई?"

"नाही."

त्यांनी बशी खाली ठेवली, फोन हातावर तोलून बघितला आणि परत रुमालात गुंडाळला.