गोळी पोटात गेली, पण लागू पडली का?
बाबांना स्टेंट बसवल्यापासून रक्तात गुठळी होऊ नये म्हणून दिलेली क्लोपिडोग्रेलची 75 मिलिग्रॅमची गोळी एकदाही चुकलेली नाही. रिकाम्या पाकिटांची चळत त्याला साक्षी आहे. तरीही आज तपासणीचा अहवाल पाहून डॉक्टर म्हणाले की प्लेटलेट्स, म्हणजे गुठळी बनवणाऱ्या रक्तपेशी, अजून हव्या तितक्या शांत झालेल्या नाहीत. हे औषध मुळात निष्क्रिय असते. यकृतातील सीवायपी2सी19 हे विकर (एन्झाइम) त्याला कामाचे रूप देते आणि ज्यांच्यात ते जन्मतःच मंद असते, त्यांना नेमाने घेतलेली गोळीही पुरेशी लागू पडत नाही. ॲसिडिटीवरचे ओमेप्राझोलही याच विकराला अडवते, आणि बाबा ते परस्पर घेत होते, हे मला आज कळले! आता क्लोपिडोग्रेलऐवजी टिकाग्रेलॉर सुरू केले आहे. त्याला यकृताकडून असे रूपांतर लागत नाही, मात्र ते दिवसातून दोनदा घ्यावे लागते.