तुम्ही विचारलंत म्हणून: अजून बरी झाले नाही का?

ब्लाउज न्यायला आलेली बाई आधी हुक बघते, मग माझ्याकडं बघते. "काय गे, अजून बरं नाही की तुला?" मावशी फोनवर तेच विचारते. जाऊबाई तोंडानं विचारत नाहीत, बाथरूमच्या दाराकडं बघतात. एवढी वर्षं "चाललंय हळूहळू" म्हणून वेळ मारून नेली. आता एकदा सगळं लिहून टाकते.

पहिलं म्हणजे, मी दुखणं अंगावर काढलेलं नाही. हे सांगितलंच पाहिजे, कारण तुमच्या प्रश्नात तेच असतं. २०१४ मध्ये लघवीच्या पिशवीचं हे दुखणं सुरू झालं तेव्हा धण्याचं पाणी, सब्जा, बार्ली, शहाळी सगळं झालं. सोनोग्राफी झाली, खडा नाही. लघवी कल्चरला पाठवली, रिपोर्टवर ‘नो ग्रोथ’. म्हणजे जंतू वाढले नाहीत. तरी अँटिबायोटिकचा कोर्स. चार दिवस बरं वाटायचं, किंवा वाटतंय असं मीच म्हणायची, आणि पाचव्या दिवशी परत तेच. सात वर्षांत असे सोळा कोर्स झाले. चिठ्ठ्या अजून आहेत, कुणाला मोजायच्या असतील तर या.

दोष फक्त डॉक्टरांचा म्हणावा, तर तसंही नाही. दर वेळी जाऊन मी काय सांगायची? "उन्हाळी लागलीय." म्हणजे लघवीला जळजळ होतेय. आमच्या चंदगडला आई-आजी तेच म्हणायच्या, दुसरा शब्द मला माहीतच नव्हता. मराठी डॉक्टरला तो बरोबर कळायचा आणि तिथंच तपासणी संपायची. कानडी डॉक्टर विचारायचे, "उरी ऐतेन्री?" उरी म्हणजे जळजळ एवढं बेळगावच्या वडगावात येऊन शिकले होते, मी मान हलवायची. जळजळ म्हणजे इन्फेक्शन, इन्फेक्शन म्हणजे गोळ्या. माझं कानडी बाजारापुरतं. ‘स्वल्प कडिमे माडि’ म्हणून भाजी स्वस्त घेता येते, ओटीपोटातलं दुखणं सांगता येत नाही.

२०२१ च्या पावसाळ्यात एका मोठ्या दवाखान्यात गेले. तिथं एक तरुण डॉक्टरीण होती, दक्षिणेकडून आलेली. तिला मराठी अजिबात येत नव्हतं आणि तिचं कानडी मला झेपत नव्हतं. नवरा कापडाच्या मागावर कामाला होता, सोबत कुणी नाही. मी "उन्हाळी" म्हटलं, ती नुसती बघत राहिली. मग तिनं माझ्या केसपेपरच्या मागं तीन मडकी काढली. एक रिकामं, एक अर्धं, एक काठोकाठ. पेनाचं टोक भरलेल्या मडक्यावर ठेवून म्हणाली, "तुंबिदाग?" मग मडक्यातून खाली धार काढली आणि विचारलं, "होदाग?" भरल्यावर दुखतं की जाताना, असं.

तुंब! आमच्या गल्लीतली गटार दर जूनमध्ये तुंबते, तो शब्द मला कुणी शिकवायला नको. मी भरलेल्या मडक्यावर बोट आपटलं. नंतर अर्ध्यावर. अर्धं भरलं तरी दुखतं गं बाई! धारेवर बोट ठेवून हात हलवला, तिथं नाही, जाऊन आलं की उलट दहा मिनिटं सुटका. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंच नव्हतं. मी तिथंच रडायला लागले. तिनं कागद उलटून माझं नाव परत वाचलं आणि पेन माझ्या हातात दिलं. चौथं मडकं मी काढलं, तळाला काटे असलेलं.

तिनं तीन दिवस लघवी मोजून लिहायला सांगितली. वेगळी वही कुठली आणणार, मापाच्या वहीतच लिहिलं. एका पानावर ‘छाती ३६, बाही १०’, समोरच्या पानावर ‘रात्री २.१०, ७० मिली’. दिवसाला सव्वीस वेळा. चांगल्या पिशवीत तीनशे-चारशे मिली सहज राहते म्हणे. मग भूल देऊन दुर्बीण घातली, पाणी भरून बघितलं. नाव निघालं इंटरस्टिशियल सिस्टायटिस, म्हणजे लघवीच्या पिशवीचं जुनाट दुखणं, आता ब्लॅडर पेन सिंड्रोम म्हणतात. हनर नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं १९१५ मध्ये यातल्या काही जणींच्या पिशवीतल्या जखमांबद्दल लिहिलं होतं. तसली जखम असली तर ती जाळता येते आणि पुष्कळ आराम पडतो. माझ्यात जखम निघाली नाही. खोटं कशाला बोलू, मला वाईट वाटलं. दाखवायला काहीतरी तरी असतं.

औषधाचं म्हणाल तर रात्रीची अ‍ॅमिट्रिप्टिलिन, दहा मिलिग्रॅमपासून सुरुवात. औषध दुकानातला पोरगा म्हणाला, "ही डिप्रेशनची हो काकू." घरी गेले आणि डबा गव्हाच्या पिंपात लपवला. थोड्या मात्रेत ती दुखण्याच्या नसांना शांत करते हे डॉक्टरांनी सांगितलेलं, तरी दोन महिन्यांनी मीच बंद केली. लोक काय म्हणतील म्हणून. कुठल्या लोकांनी? पिंपात हात घालणारी मी एकटीच. पुढचे चार महिने वाया घालवले. आजच्या मला त्या बाईचा राग येतो, पण तोंड कोरडं पडून मशीनवर डुलक्या खायची तीच, हेही खरं.

मग नळीनं पिशवीत औषध सोडायचं, डीएमएसओ, सहा वेळा. त्यानं श्वासाला लसणाचा वास येतो. नेमका श्रावण. सासूबाई स्वयंपाकघरात वास घेत फिरल्या, "कुणी खाल्लंय गे लसूण?" सहाही वेळा माझीच झडती. आराम पडला, पाचेक महिने.

आणि मोबाईलवर बघून व्यायाम सांगणाऱ्यांना हात जोडते. आवळून धरायचे व्यायाम मी करून बघितले, दुखणं वाढलं. फिजिओथेरपिस्ट म्हणाली, तुमचे ओटीपोटाखालचे स्नायू आधीच आवळलेले आहेत, सोडायला शिका. सोडणं अवघड असतं, नवऱ्याजवळ तर जास्तच. त्यावर एवढंच लिहिते. खाण्यात चहा आणि चिंच मला चालत नाही, टोमॅटो चालतो. दुसरीला उलट असेल.

आता दिवसाला बारा वेळा, रात्री दोनदा. निपाणीपर्यंत एसटीत बसून जाते, उतरल्या उतरल्या आधी शौचालय शोधते. याला बरं म्हणायचं का, तुम्हीच ठरवा. गेल्या आठवड्यात हातशिलाई करताना परत इतकं दुखलं की सुई तशीच टोचून ठेवून उठले.

डॉक्टरांनी आता पेंटोसानच्या कॅप्सूल लिहून दिल्यात. महाग आहेत, दिवसाला तीन, आणि फरक पडायला महिने लागतात. शिवाय वर्षानुवर्षं घेतल्यावर काहींच्या डोळ्याच्या पडद्यावर परिणाम झालेला आढळलाय, म्हणून आधी आणि मधून मधून डोळे तपासायचे. मी सुईत दोरा ओवून पोट भरते. नवरा म्हणतो घे, पैशाचं मी बघतो. पैशाचं मी विचारलंच नव्हतं. चिठ्ठी मापाच्या वहीत ठेवलीय, त्या मडक्यांच्या कागदाजवळ.