पुण्यात खून पचत नाही

नॉयर सिनेमा (म्हणजे अंधार आणि सावल्यांनी भरलेल्या गुन्ह्यांच्या गोष्टी) आणि गुन्हेगारी कथांचा पेपर इलेक्टिव्ह म्हणून घेतला, तेव्हा वाटलं होतं की पिक्चर बघायचे आणि मार्क घ्यायचे. तसं ते आहेच. फक्त दर आठवड्याला जर्नलमध्ये पानभर लिहावं लागतं आणि त्यात कथानक चालत नाही. "गोष्ट मला पाठ आहे, बघताना तुझं काय झालं ते लिही," असं मॅडम म्हणतात. माझं दर वेळी एकच होतं. पडद्यावर पाऊस पडत असतो, हॅटवाला माणूस जिना चढत असतो, भिंतीवर कठड्याच्या लांबच लांब सावल्या पडलेल्या असतात आणि माझ्या डोक्यात येतं, खालच्या मजल्यावरचं कुणी दार उघडून "कोण पाहिजे?" असं का विचारत नाही?

हेमिंग्वेची १९२७ ची 'द किलर्स' ही कथा घ्या. दोन भाडोत्री मारेकरी एका छोट्या खाणावळीत येतात आणि कार्डावरचा एक पदार्थ मागवतात. काउंटरवरचा माणूस सांगतो, ते रात्रीच्या जेवणात, सहानंतर. घड्याळात तर पाच वीस झालेत? ते वीस मिनिटं पुढे आहे. सँडविच घ्या. मारेकऱ्यांना इतक्या निर्विकारपणे 'आत्ता मिळणार नाही' म्हणणारा हा इसम सदाशिव पेठेतलाच असणार, अशी माझी खात्री आहे.

पण पुढे सगळं बिघडतं. ज्याला मारायचंय तो भाड्याच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलाय. निक नावाचा पोरगा धावत जाऊन त्याला सावध करतो, तरी तो उठत नाही. का उठत नाही, हे हेमिंग्वे सांगत नाही. खाली घर सांभाळणारी बाई मात्र कौतुकाने सांगते की फार चांगला माणूस आहे, आज दिवसभर खोलीतून बाहेर पडला नाही, मी म्हटलं त्याला, हवा छान आहे, जरा फिरून या. म्हणजे बाईच्या लक्षात सगळं आलंय, आणि तिने कारण विचारलेलं नाही! आमच्या नारायण पेठेत तिने दुपारच्या चहाच्या आत कारण, कर्जाचा आकडा आणि मूळ गाव काढून घेतलं असतं. मारेकरी आलेच असते तर त्यांना आधी चपला बाहेर काढायला लावल्या असत्या. १९४६ मध्ये या कथेवर सिनेमा झाला. त्यात मूळ गोष्ट पहिल्या काही मिनिटांतच संपते आणि 'का?' हा प्रश्न विचारायला चक्क विमा कंपनीचा माणूस नेमावा लागतो. शेजाऱ्यांचं काम पगारी माणसाने करायचं, यावरून त्या शहराची कल्पना यावी.

त्यामानाने 'रिअर विंडो' मला जवळचा वाटला. हिचकॉकचा सिनेमा १९५४ चा, कॉर्नेल वूलरिचची मूळ कथा १९४२ ची. एक माणूस दिवसभर खिडकीत बसून समोरच्यांच्या खिडक्यांत बघतो आणि त्यातून खून उघडकीला येतो. तो एका जागी का खिळलाय, हे वूलरिच कथेत शेवटपर्यंत दडवून ठेवतो. अगदी अखेरीला डॉक्टर येऊन पायाचं प्लास्टर काढायचं म्हणतो तेव्हा कळतं. वर्गात सगळ्यांना ही कलाटणी फार आवडली. मला मात्र कळेना, खिडकीत बसायला पाय कशाला मोडायला हवा? मी जिच्याकडे राहते ती माझी आत्या दोन्ही पाय धडधाकट असताना बसते.

सावल्यांचं म्हणाल तर त्या आपल्याकडे आधीच आलेल्या होत्या. बिली वाइल्डर, रॉबर्ट सिओडमाक ही दिग्दर्शक मंडळी हिटलरमुळे बर्लिन सोडून गेली आणि तिथला अंधार हॉलिवूडला घेऊन गेली, हे वर्गात शिकवलं. पण १९३३ मध्ये 'सैरंध्री'च्या रंगीत प्रतींसाठी व्ही. शांतारामही जर्मनीला गेले होते. आज लॉ कॉलेज रस्त्यावर जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे, त्या प्रभातच्या स्टुडिओत त्यांनी १९३९ मध्ये 'माणूस' केला. रात्र, ओले रस्ते, पोलीस हवालदार आणि वेश्यावस्तीतली मैना. वाइल्डरच्या 'डबल इन्डेम्निटी'च्या पाच वर्षं आधी! त्यात खूनही आहे. पण त्या हवालदाराला बंदुकीपेक्षा जास्त भीती आहे ती कुणीतरी बघेल याची. मराठी नॉयर असलंच तर असं, असं मी जर्नलमध्ये लिहिलं. मॅडमनी समासात प्रश्नचिन्ह काढलंय, पण मी ठाम आहे.

(पुढचे काही शब्द 'अंधाधुन' न पाहिलेल्यांनी गाळावेत.) २०१८ चा हा सिनेमा पुण्यातच घडतो आणि त्यात शेजारीण आहे. तिने परक्या पुरुषाला समोरच्या फ्लॅटमध्ये शिरताना पाहिलंय, आणि ते ती पोलिसांना सांगतेही. दिग्दर्शक श्रीराम राघवन यांना हे शहर नीट कळलेलं असणार, कारण खुनी बाई वेळ न दवडता या शेजारणीला गॅलरीतून खाली ढकलते. पुण्यात खून पचवायचा तर दुसरा इलाज नाही.

हा सिद्धांत मी मोठ्या उत्साहाने आत्याला ऐकवला. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "शहात्तर-सत्त्याहत्तरला तू नव्हतीस. आम्ही अंधार पडायच्या आत दारं लावून बसायचो."

जोशी-अभ्यंकर खून. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७, दहा जीव. भांडारकर रस्त्यावरच्या बंगल्यात तर एकाच रात्री घरातली पाच माणसं.

"तेव्हा शेजारी नव्हते का?" मी विचारलं.

"होते की. खिडक्याही होत्या. अगं, अनोळखी माणूस हटकता येतो. खून करणारी ती कॉलेजात शिकणारी पोरं होती. आपल्या आळीतल्या पोराला 'कोण पाहिजे' म्हणून कोण विचारतं?" पहिला बळी तर त्यांच्याच कॉलेजातला मुलगा होता.

त्यानंतर 'डबल इन्डेम्निटी' मी आत्याला घेऊन लॅपटॉपवर पुन्हा बघितला. विम्याच्या पैशासाठी बायको आणि विमा एजंट मिळून तिच्या नवऱ्याचा खून करतात, अशी ती गोष्ट. पहिल्या वेळी मी त्यातही शेजारी शोधत होते. आता दिसलं की वॉल्टर नेफ हा विमा एजंट दिवसाढवळ्या, पुढच्या दाराने, बॅग घेऊन येतो. मोटारीच्या विम्याचं नूतनीकरण करायचंय म्हणतो. त्याच्याच कंपनीतला कीज हा दावे तपासणारा गृहस्थ कुणाचाही खोटेपणा वासावरून ओळखतो, आणि त्याला नेमका नेफ ओळखता येत नाही, कारण नेफ समोरच्याच टेबलाशी बसतो. रोजचा चेहरा.

आत्याचं लक्ष मात्र भलतीकडेच होतं. तिने सिनेमा थांबवायला लावला.

"त्या नवऱ्याने सही करताना कागद वाचलाच नाही?"

"नाही. त्याला वाटलं, गाडीचाच कागद आहे."

"आणि रेल्वेत मेला तर दुप्पट?"

"हो. पन्नास हजार डॉलरचे लाख."

ती उठली, कपाटातून विम्याची फाइल काढून आणली, चष्मा लावला आणि एकेक पॉलिसी पहिल्या पानापासून वाचायला लागली. तिचे एजंट म्हणजे आमच्या ओळखीतले एक अतिशय सज्जन काका, दर दिवाळीला कॅलेंडर घेऊन येणारे. सिनेमा अजून अर्धा बाकी होता. तिसऱ्या पॉलिसीला मी विचारलं, "आत्या, हे जर्नलमध्ये लिहू का?"

"लिही," ती मान वर न करता म्हणाली, "पण नॉमिनी कोण आहे ते लिहू नकोस."