गुलाबी प्लेट आणि माझा पोपट

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी कोल्हापूरच्या जयंती नाल्याचं पाणी बाटलीत भरत होते तेव्हा एक काका गाडी थांबवून विचारायला लागले, काय पडलं काय गं आत? म्हटलं नाही काका, बॅक्टेरिया न्यायला आलेय, कॅन्सरच्या औषधासाठी. काकांनी एकदा नाल्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि किक मारून गेले.

पण खरंच त्यासाठीच नेत होते हो. ॲस्पॅरॅजिनेज नावाचं एन्झाइम आहे, लहान मुलांमध्ये जो ब्लड कॅन्सर जास्त दिसतो, एएलएल, त्यात ते इंजेक्शनमधून देतात. ॲस्पॅरॅजिन हे अमिनो ॲसिड आपल्या बहुतेक पेशी स्वतः बनवतात पण ल्युकेमियाच्या पेशींना ते पुरेसं जमत नाही, त्या रक्तातून उचलतात, मग रक्तातलंच फोडून टाकलं की त्यांची उपासमार. हे सगळं सुरू झालं गिनिपिगपासून, १९५३ मध्ये किड या संशोधकांना दिसलं की गिनिपिगचं सीरम (रक्तातला पातळ भाग) टोचलं की उंदरांच्या कॅन्सरच्या गाठी विरघळतात, आणि त्यामागं हे एन्झाइम आहे हे ब्रूम यांनी १९६१ मध्ये दाखवलं. आता औषधासाठी गिनिपिगांचं रक्त किती काढणार, म्हणून बॅक्टेरिया. आणि तो कुठला तर ई. कोलाय, म्हणजे जो पाण्यात सापडला की आपण ते पाणी पिऊ नका म्हणतो तोच! त्याची ॲलर्जी आली तर एर्विनिया या दुसऱ्या बॅक्टेरियाचं देतात.

टेस्ट दिसायला एकदम भारी. एम९ मीडियात, म्हणजे बॅक्टेरियांच्या खाद्यात, नायट्रोजन म्हणून फक्त ॲस्पॅरॅजिन घालायचं आणि फिनॉल रेड, म्हणजे पीएचप्रमाणे रंग बदलणारा डाय. प्लेट आधी पिवळी असते, कॉलनीनं (बॅक्टेरियांच्या ठिपक्यानं) ॲस्पॅरॅजिन फोडलं की अमोनिया सुटतो, पीएच चढतो आणि भोवती गुलाबी वलय येतं. मी इनक्युबेटर उघडला आणि अकरा कॉलन्यांभोवती गुलाबी! फोटो काढून सगळ्या ग्रुपवर टाकले. मॅडमनी बघितलं आणि एकच विचारलं, कंट्रोल लावलास का?

नव्हता लावला.

म्हणजे ॲस्पॅरॅजिनऐवजी सोडियम नायट्रेट घातलेली प्लेट. ती लावली तर अकरापैकी आठ जण तिथंपण गुलाबी, कारण नायट्रेट खातानाही पीएच वर जाऊ शकतो. झाला पोपट. वर प्लेट दोन दिवस ठेवली की वलयं एकमेकांत मिसळून सगळीच गुलाबी, कोण कामाचा आणि कोण शेजाऱ्याच्या जिवावर मिरवतोय काही कळत नाही, आणि जे मीडियातल्या ग्लुकोजपासून ॲसिड करतात ते एन्झाइम असूनही पिवळेच राहिले असतील, त्यांना मी फेकूनही दिलं असेल.

उरले तीन. त्यांचं नेसलर केलं, म्हणजे अमोनिया असेल तर नारिंगी होणारी टेस्ट (पारा असतो त्यात, सिंकमध्ये ओतायचं नाही, जुनियर लोकांनो). दोन नळ्या ब्लँकसारख्याच (बॅक्टेरियाचं काही न घातलेल्या नळीसारख्याच) फिक्या, एक मात्र मस्त नारिंगी. लेबल जे-७.

आता त्याला ग्लुटामिनच्या प्लेटवर लावलंय, कारण ग्लुटामिनही जोरात फोडत असेल तर साइड इफेक्ट वाढायची भीती असते. उद्या सकाळी उघडणार, आणि या वेळी प्लेट पिवळीच राहू दे रे बाबा.