माझ्या घड्याळातली एक कडी नवीन आहे

वजन वाढलं. माझं, घड्याळाचं नाही. दोनतीन महिने रात्री घड्याळ काढलं की मनगटावर चेनचा ठसा तासभर राहत होता, शेवटी बायको म्हणाली एकतर भात कमी कर नाहीतर कडी वाढव, मी अर्थातच कडी वाढवली. तीन वर्षांपूर्वी हे टायटेनियमचं घड्याळ घेतलं तेव्हा दुकानदाराने चेनच्या तीन कड्या काढून प्लॅस्टिकच्या पाऊचमध्ये घालून दिल्या होत्या, पाऊच देवघराच्या खणात वातींच्या पुड्यामागे सापडला. त्यातली एक घेऊन आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या घड्याळवाल्या काकांकडे गेलो. चेनच्या आतल्या बाजूला बारीक बाण कोरलेले असतात, पिन त्या दिशेने बाहेर ढकलायची, काकांना ते सांगावं लागलं नाही, पाच मिनिटांत काम झालं. घड्याळ हातात घेतलं आणि बघतच राहिलो.

कारण नवी कडी जुन्यांपेक्षा काळपट दिसत होती! मला वाटलेलं उलटं होणार, म्हणजे बाकीची चेन मळकट आणि ही एकटी लखलखीत. पण ही कडी पाटीसारखी, गडद राखाडी, एकदम मॅट, आणि आजूबाजूच्या कड्या देवळाच्या उंबऱ्यासारख्या हात लागून लागून गुळगुळीत झालेल्या. तीन वर्षं मी समजत होतो की घड्याळाची चमक गेली आणि घड्याळ आपलं हळूहळू चकचकीत होत बसलं होतं.

तर हे लिहितोय कारण टायटेनियमचं घड्याळ घेऊ का, लवकर ओरखडे पडतात का, असं मला बरेच जण विचारतात. (त्यातले निम्मे आधी विचारतात टायटेनियम म्हणजे टायटनचं का. नाही. टायटन हे नाव टाटा इंडस्ट्रीज आणि तमिळनाडू यावरून आलंय, धातूशी संबंध नाही, पण टायटन टायटेनियमची घड्याळं बनवते हेही खरं, त्यामुळे गोंधळ होणारच.) माझं एका जपानी कंपनीचं आहे, साधं ग्रेड 2 टायटेनियम, वरून कुठलंही कोटिंग नाही, सगळं सँडब्लास्ट केलेलं, म्हणजे बारीक कणांचा मारा करून खरखरीत केलेलं मॅट. घ्यायचं कारण शोभेचं नव्हतंच, स्टीलच्या चेनने मला मनगटाला खाज सुटायची, घामाच्या दिवसांत तर लाल चट्टे, स्किनच्या डॉक्टरांनी निकेल म्हणून सांगितलं. घड्याळाचं जे नेहमीचं 316 एल स्टील असतं त्यात 10 ते 14 टक्के निकेल असतं, बहुतेकांना त्याचं काही होत नाही, मला होतं. टायटेनियममध्ये तो प्रश्नच नाही, हाडात बसवायचे स्क्रू आणि प्लेटा त्याच्याच असतात.

पहिला ओरखडा अकराव्या दिवशी. तारीख लक्षात आहे कारण मी तेव्हा रोज रात्री टॉर्च मारून बघायचो, हसा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी काढताना हात भिंतीला घासला, बेझलच्या, म्हणजे काचेभोवतीच्या रिंगच्या, कडेला पांढरी रेघ, अर्धा सेंटीमीटर. इतका हळहळलो की त्या दिवशी डबा पण नीट खाल्ला नाही. मग डोक्यात किडा वळवळायला लागला की एवढं विमानाच्या इंजिनात वापरतात ते मेटल आणि सोसायटीच्या प्लास्टरपुढे हरलं?

मी भोसरीत एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे, आमच्याकडे विकर्सचं मशीन आहे, म्हणजे हिऱ्याचं पिरॅमिडसारखं टोक ठराविक वजनाने मेटलवर दाबायचं आणि उमटलेल्या खुणेचे कर्ण मोजून कडकपणा काढायचा, आकडा मोठा तितकं मेटल कडक. घड्याळ मशीनखाली ठेवायची हिंमत नव्हती पण पाऊचमध्ये तीन कड्या पडलेल्या होत्याच. एका कडीची आतली बाजू पॉलिश पेपरवर घासून साफ केली, लंच टाइममध्ये तीन खुणा मारल्या. सरासरी 170 च्या आसपास. मग जुन्या स्टीलच्या चेनची कडी लावली, ती 190 च्या आसपास. म्हणजे दोघं जवळपास सारखेच मऊ. खरंच मऊ, कारण क्वार्ट्झ, म्हणजे रस्त्यावरच्या धुळीत आणि वाळूत जी असते ती, हजाराच्या वर जाते, आणि प्लास्टरमध्ये काय असतं, वाळूच. तिच्यापुढे स्टील काय टायटेनियम काय. माझ्या घड्याळाची काच सफायरची, तिला मात्र धूळ काही करू शकत नाही, ती 2000 च्या घरात, तीन वर्षांत माझ्या काचेवर एक रेघ नाही.

आमच्याकडचे एक जुने लेथ ऑपरेटर आहेत, त्यांना कडी दाखवली तर म्हणाले, "अहो साहेब, कडक कोण म्हणतं ह्याला, चिवट आहे हे. टूलला चिकटतं आणि गरम गरम होत टूलच खाऊन टाकतं." बरोबर आहे. टायटेनियमचं मोठेपण हे की वजनाच्या मानाने ताकद प्रचंड, वाकत-मोडत नाही, गंजत नाही. ओरखडा न पडणं हा वेगळाच गुण आहे आणि दुकानात दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात सांगतात. वजनाचं म्हणाल तर घनता साडेचार, स्टीलची आठच्या जवळ, माझं घड्याळ चेनसकट किचनच्या काट्यावर 78 ग्रॅम भरलं आणि जुनं स्टीलचं 139. पहिले चार दिवस खोटं घड्याळ घातल्यासारखं वाटतं.

ग्रेड 5 म्हणून मिळतं ते यापेक्षा कडक, त्यात 6 टक्के अॅल्युमिनियम आणि 4 टक्के व्हॅनेडियम असतं, साडेतीनशेच्या आसपास जातं आणि त्याला चकचकीत पॉलिशही छान घेता येतं. आणि तिसरा प्रकार म्हणजे वरून कडक थर दिलेलं, सिटिझनचं सुपर टायटेनियम वगैरे, त्यात पृष्ठभाग हजाराच्या वर नेतात. ऑफिसातल्या एकाकडे तसलं आहे, चार वर्षं झाली तरी किल्ल्या-बिल्ल्यांचं त्याला काही नाही, पण एकदा जिन्याच्या रेलिंगवर जोरात आपटलं आणि पोचा पडला, आता तो पोचा कायमचा, घासून सारखा करायला गेलं तर थरच जाणार. खरवसावर पापड ठेवल्यासारखं आहे ते, वरून नखाने ओरबाडा काही होत नाही, अंगठा दाबला की संपलं.

आता माझ्या घड्याळावर कुठे कुठे काय झालंय ते सांगतो. सगळ्यात वाईट अवस्था चेनच्या लॉकची, मनगटाच्या खालच्या बाजूची, जी टेबलावर टेकते. तिथे मॅट फिनिश नावाला उरलेलं नाही. आधी मी लॅपटॉपला दोष द्यायचो, पण खरा चोर घरातच होता. रात्री भांडी मी घासतो आणि घड्याळ न काढता ओट्यावर मनगट टेकवतो, आणि ओटा ग्रॅनाइटचा, त्यातली खनिजं टायटेनियमपेक्षा कितीतरी कडक. त्यानंतर बेझलची कड, दाराच्या चौकटी आणि लिफ्टचे दरवाजे ती आपल्या अंगावर घेते. कड्यांच्या वरच्या बाजूला ओरखडे असे फार नाहीत, शर्टाच्या बाह्या घासून घासून मॅटचे उंचवटे सपाट झालेत, हीच ती उंबऱ्याची चमक. पाठीमागचं झाकण नव्यासारखं.

एक गंमत म्हणजे ओरखडा वाटतो तो प्रत्येक वेळी ओरखडा नसतो. एकदा घड्याळाच्या बॉडीवर पिवळसर रेघ दिसली, जीव गेला, मग लक्षात आलं कपाटाची पितळी किल्ली घासली होती. पितळ टायटेनियमपेक्षा मऊ, त्यामुळे पितळच झिजून वर बसलं होतं. मुलीच्या कंपासमधलं खोडरबर मारलं, गेलं. तेव्हापासून कुठलीही नवीन रेघ दिसली की आधी खोडरबर, मग हळहळ. बोटांच्या तेलाचे काळे डाग पण मॅटवर लगेच दिसतात, ते साबण आणि जुन्या टूथब्रशने जातात.

आणि ते "टायटेनियमचे ओरखडे आपोआप भरतात" म्हणतात ते ऐकून तर मला हसूच येतं. हवेशी संबंध आला की टायटेनियमवर ऑक्साइडचा थर लगेच धरतो हे खरं, ओरखडा पडला तरी तिथे परत धरतो, म्हणूनच ते गंजत नाही. पण तो थर काही नॅनोमीटरचा, त्याने खाच कशी भरेल? माझी पार्किंगवाली रेघ अजून तिथेच आहे. दिसत नाही कारण तिच्यावरून आडव्यातिडव्या अजून शंभर गेल्या.

दुरुस्तीचा उद्योगही करून झालाय. घड्याळवाल्या काकांना विचारलं बफ मारून, म्हणजे मशीनवर पॉलिश करून द्याल का, ते म्हणाले टायटेनियमला मी हात लावत नाही. मग एका रविवारी लॉकवर भांड्यांची हिरवी घासणी घेऊन बसलो. हा मूर्खपणा होता. घासणी चालते ती रेघांचं ब्रश फिनिश असेल तर, तेही रेघांच्या दिशेनेच, माझं सँडब्लास्ट होतं, त्यामुळे लॉकवर आता एक छान रेघारेघांचा चौकोन आहे. सँडब्लास्टला परत सँडब्लास्टच लागतं.

वाळूवरून आठवलं. मागच्या मे महिन्यात रत्नागिरीला मांडवीला गेलो होतो, काळी वाळू, मुलीने माझा हात तिच्यात मनगटापर्यंत पुरला, घड्याळासकट, वर पाणी ओतून थापटलं पण. घरी आल्यावर बेझलवर बारीक बारीक टिंबं. नंतर कळलं की तिथल्या किनाऱ्यांच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट असतं, आणि टायटेनियम ज्या खनिजातून काढतात त्यातलंच ते एक. माहेरच्यांनीच मारलं म्हणायचं. ओरखडे काढले असतील ते बहुतेक त्यातल्या क्वार्ट्झने, पण मला इल्मेनाइटवाली गोष्ट जास्त आवडते.

बाबांकडे एचएमटीचं जनता होतं, अजून आहे. त्याच्या कडांवरचा मुलामा जाऊन आतलं पितळ दिसतं, चावीजवळ तर पूर्ण पिवळं, कारण ते रोज सकाळी सातला चावी द्यायचे. एचएमटीने 1961 साली घड्याळं सुरू केली ती सिटिझनच्या मदतीने, आणि 1970 मध्ये जगातलं पहिलं टायटेनियमचं घड्याळ काढलं ते पण सिटिझननेच, एक्स 8 क्रोनोमीटर. बाबांना हे सांगितलं तर त्यांनी माझं घड्याळ हातात घेतलं, तोललं, म्हणाले ह्यात मशीन आहे ना रे?

नवी कडी बसवून सहा आठवडे झाले. अजून लगेच ओळखू येते, पण तिची एक कड चमकायला लागलीय, बाही घासते तिथे. पाऊचमध्ये आता दोन उरल्यात, एक धड आणि एक ती तीन खुणा मारलेली. दिवाळी अजून व्हायचीय.